कापराची काजळी आणि लोखंडाचा कण

(गणेशोत्सवाच्या चौथ्या दिवशी, इंदिरानगर येथे मंडळाच्या कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिला आहे.)

 

चिटणीसांचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. आपल्या उत्सवात भावगीते असतात, एकांकिका असते, मोदकांची स्पर्धा असते. तिथे भट्टी आणि धातू असला विषय कोण ऐकणार? पण ते म्हणाले, "काका, सोपं करून सांगा. अर्धा तास बोला, मग महाप्रसाद आहेच." महाप्रसादाच्या आधी बोलणाऱ्या वक्त्याचे काय होते ते मला माहीत आहे. मसालेभाताचा वास सुटला की श्रोते देहाने इथे असतात आणि मनाने पंगतीत. तेव्हा फार ताणणार नाही.

विषय ठरत नव्हता. तो काल संध्याकाळी आरतीनंतर सापडला. आरतीचे तबक घासायला बसलेल्या एक वहिनी वैतागून म्हणाल्या, "हा कापराचा काळा थर काही केल्या निघत नाही." तो काळा थर म्हणजे कार्बन. याच कापरातल्या याच कार्बनपासून आपल्या देशातल्या आणि जपानमधल्या शास्त्रज्ञांनी अशा नळ्या तयार केल्या आहेत, ज्या केसाच्या पन्नास हजाराव्या भागाइतक्या बारीक असतात आणि वजनाच्या मानाने पोलादाच्या कितीतरी पट मजबूत. मग आपल्या तबकात नुसती काजळीच का जमते आणि त्यांच्या भट्टीत नळी का उगवते? आजचे व्याख्यान या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

काजळी आणि नळी

पेन्सिलीतल्या ग्राफाईटमध्ये कार्बनचे अणू षटकोनांच्या जाळीत बसलेले असतात. मधमाशांच्या पोळ्यासारखी ही जाळी पत्र्यासारखी सपाट असते. असा एकच थर घेऊन त्याची गुंडाळी केली आणि कडा बिनजोड जुळवल्या, तर जी नळी होईल ती कार्बनची नॅनोनळी. एकपदरी नळीचा व्यास साधारण एक ते दोन नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आकड्याने अंदाज येत नसेल तर आपल्या नखाकडे पाहा. ते दर सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढते.

१९९१ साली जपानमधील सुमिओ इजिमा यांनी अनेकपदरी नळ्यांची स्पष्ट छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. १९९३ मध्ये एकपदरी नळ्या मिळाल्या, त्याही एकाच वेळी दोन ठिकाणी, इजिमांकडे आणि अमेरिकेत आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत. दोघांनीही कार्बनबरोबर धातू वापरला होता, एकाने लोखंड आणि दुसऱ्याने कोबाल्ट. धातू नसता तर एकपदरी नळी मिळाली नसती. ही खूण लक्षात ठेवा.

खरे तर १९५२ सालीच रादुश्केविच आणि लुक्यानोविच या दोन रशियन शास्त्रज्ञांनी लोखंडाच्या कणांवर वाढलेले कार्बनचे पोकळ धागे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. त्यांनी ते रशियन भाषेतल्या नियतकालिकात छापले. बाहेरच्या जगाने ते वाचले नाही आणि चाळीस वर्षे गेली. या गोष्टीकडे मी शेवटी परत येणार आहे.

पवईचा कापूर, जक्कूरची भट्टी

आपला कापूर म्हणजे दहा कार्बन, सोळा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असा रेणू. तो तापवला की न वितळता सरळ हवेत उडतो, हे आपण देवघरात पाहतोच. पवईच्या आय.आय.टी.मध्ये महेश्वर शरॉन यांच्या गटाने १९९४ साली कापराच्या काजळीतून फुलरीन, म्हणजे फुटबॉलसारखा गोल कार्बन, मिळवून दाखवला. पुढे मुकुल कुमार यांनी जपानमध्ये नागोयाच्या मैजो विद्यापीठात योशिनोरी आंदो यांच्याबरोबर कापरापासून नॅनोनळ्यांची अक्षरशः बाग उगवली. त्यांचे ते काम २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी कापराबरोबर फेरोसीन नावाची नारिंगी पूड वापरली. फेरोसीनच्या रेणूत कार्बनच्या दोन पंचकोनी कड्यांच्या मध्ये लोखंडाचा एक अणू असतो, दोन बिस्किटांमधल्या क्रीमसारखा.

फेरोसीनची ही वाट आपल्या बंगळुरातही चालली गेली आहे. प्रा. सी.एन.आर. राव, ज्यांना पुढे भारतरत्न मिळाले, आणि त्यांचे सहकारी राहुल सेन व ए. गोविंदराज यांनी १९९७ साली फेरोसीनसारख्या रेणूंच्या विघटनातून नॅनोनळ्या मिळवल्या. भारतीय विज्ञान संस्था आणि जक्कूरचे जवाहरलाल नेहरू केंद्र या दोन ठिकाणचे हे काम. हेब्बाळचा पूल ओलांडून विमानतळाकडे जाताना उजव्या अंगाला जक्कूर लागते, तिथून आपण सगळे किती वेळा गेलो असू! पद्धत ऐकायला सोपी आहे. क्वार्ट्झची एक लांब नळी, तिच्यावर एकापुढे एक दोन भट्ट्या. पहिल्या भट्टीत फेरोसीनची वाफ करायची आणि वाहत्या वायूबरोबर ती दुसऱ्या, ९०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या भट्टीत न्यायची. तिथे रेणू फुटतो. लोखंडाचे सुटे अणू एकमेकांना चिकटून कण तयार होतात आणि त्याच वेळी कार्बनही मोकळा होतो. बी आणि खत एकाच पुडीत, असा हा प्रकार.

भट्टीत हवा नसते, त्यामुळे कार्बन जळून जात नाही. तबकातल्या ज्योतीत हवा असते, पण ती अपुरी पडते म्हणून काजळी धरते. शिवाय तिथे योग्य मापाचा धातूचा कण नसतो. तबक धातूचेच आहे की, असे कुणी म्हणेल. पण तबक म्हणजे अब्जावधी अणूंचे सपाट पठार. त्यावर कार्बन पसरतो, नळी उभी राहत नाही. नळीला हवा असतो अगदी चिमुकला कण. दोन नॅनोमीटर व्यासाच्या लोखंडाच्या कणात किती अणू मावतात याचा हिशेब केला तर सुमारे साडेतीनशे येतात, आणि त्यातले जवळजवळ निम्मे पृष्ठभागावरच असतात. साडेतीनशे अणूंचे हे गाव लाखो-कोट्यवधी कार्बन अणूंची नळी बांधते.

पाक आणि खडीसाखर

आता प्रत्यक्ष जन्माकडे येऊ. प्रसादाच्या ताटलीतली खडीसाखर कशी होते ते आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. साखरेचा दाट पाक करायचा, इतका की गार झाल्यावर पाण्याला तेवढी साखर पेलवणार नाही. मग त्यात दोरा सोडायचा. जास्तीची साखर दोऱ्याला धरून खड्यांच्या रूपाने बाहेर पडते. पाक पातळ असेल तर काहीच जमत नाही. फार दाट असून तो ढवळला तर खडे होण्याऐवजी सगळ्या पाकाची एकदम साखर होते.

धातूच्या कणात असेच घडते. कार्बन असलेला वायू गरम लोखंडावर आदळला की त्याचा रेणू तुटतो. हायड्रोजन निघून जातो, कार्बन मागे राहतो. लोखंडात कार्बन विरघळतो. पोलादाचे सगळे शास्त्र त्यावरच उभे आहे. काही कार्बन कणाच्या पोटात शिरतो, काही त्याच्या पृष्ठभागावरच धावत राहतो. एका मर्यादेनंतर कणाला आणखी कार्बन पेलवत नाही. त्याचा पाक दाट झाला. आता जास्तीच्या कार्बनला बाहेर पडणे भाग असते.

ब्रिटनमधील हार्वेल येथे बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये निकेलच्या कणावर कार्बनचे धागे वाढताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि साधारण असेच चित्र मांडले. कण त्या वेळी वितळलेला असतो की घन, यावर नंतर बरेच वाद झाले. लोखंड वितळते १५३८ अंशांना, भट्टी असते त्यापेक्षा किती तरी थंड. पण कण जितका लहान तितका तो कमी तापमानाला वितळतो, आणि कार्बन मिसळल्यावर आणखी कमी. तरीही २००८ साली जपानमधल्या एका गटाने ६०० अंशांवर पाहिले तेव्हा कण घन, स्फटिकमय लोह-कार्बाईडचा होता, आणि त्यातूनच नळी निघत होती. म्हणजे निसर्गाला दोन्ही वाटा चालतात.

टोपी उचलली जाते, तो क्षण

बाहेर पडणारे कार्बन अणू आधी छोट्या साखळ्या करतात, साखळ्यांच्या कड्या होतात. बहुतेक कड्या षटकोनी, पण काही पंचकोनी. नुसते षटकोन जोडत गेलात तर फरशी तयार होते, सपाट. पंचकोन आला की फरशीला बाक येतो. मुलांनो, घरी जाऊन फुटबॉल पाहा. जुन्या पद्धतीच्या फुटबॉलवर काळे पंचकोन मोजा, बरोबर बारा भरतील. पूर्ण गोल बंद करायला बारा लागतात, तर अर्ध्या गोलाला सहा. कणाच्या डोक्यावर सहा पंचकोन जमले की कार्बनची एक अर्धगोल टोपी तयार होते.

इथे नळीच्या नशिबाचा निकाल लागतो. या टोपीला दोन वाटा मोकळ्या असतात. एक म्हणजे तिने पसरत पसरत सगळा कण झाकून टाकायचा. मग आणखी कार्बन आत जाऊ शकत नाही आणि कण गुदमरतो. त्याच्यावर कांद्यासारखे पापुद्रे चढतात आणि उरते ती काजळी. दुसरी वाट म्हणजे टोपीची कड धातूला धरून राहायची, पण टोपीचा मधला भाग कणापासून सुटून वर उचलला जायचा. उचलली गेली की कडेला नवे अणू बसायला जागा होते, भिंत वाढू लागते, आणि नळी जन्माला येते.

कुठली वाट धरली जाईल? कणाचा आकार लहान असेल तर त्याला घट्ट गुंडाळणे टोपीला महाग पडते, कारण कार्बनच्या जाळीला फार वाकायला आवडत नाही. म्हणून ती उचलली जाते. दुसरी गोष्ट धातूच्या पकडीची. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल हे त्रिकूट या कामात इतके यशस्वी का, याचे उत्तर त्यांच्या पकडीत आहे. टोपीच्या उघड्या कडेला त्यांनी पुरेसे घट्ट धरले नाही तर कड मिटून जाईल आणि नळी बंद होईल. फार घट्ट धरले तर कार्बन धातूतच अडकून पडेल. या तिघांची पकड मधली आहे. आपण मंडळी पुण्या-नागपुराहून, बेळगाव-सोलापुराहून इथे येऊन रुजलो. मुळाला धरून ठेवणे आणि वाढू देणे यातले प्रमाण किती नाजूक असते, ते तुम्हाला मी काय सांगावे!

हा क्षण डोळ्यांनी पाहता येईल असे बेकर यांच्या काळात वाटले नव्हते. २००४ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी निकेलचा कण वाढीच्या वेळी लांबट होतो आणि मग झटक्यात पुन्हा गोल होतो हे अणूंच्या पातळीवर टिपले. २००७ मध्ये केंब्रिजच्या स्टेफान हॉफमन यांच्या गटाने टोपी तयार होऊन उचलली जाताना पाहिली, आणि त्या वेळी धातूचा कणही आपला आकार बदलत होता. म्हणजे कण हा नुसता साचा नाही. कुंभाराच्या हातासारखा तोही मातीबरोबर हलतो.

घेवडा की हरभरा

पुढची वाढ दोन तऱ्हांनी होते. घेवड्याचे बी पेरले की कोंब बियाच्या डाळिंब्या डोक्यावर घेऊन जमिनीबाहेर येतो. हरभऱ्याचे बी मात्र जमिनीतच राहते आणि कोंब तेवढा वर येतो. नॅनोनळीचेही तसेच. धातूचा कण ज्या पृष्ठभागावर बसला आहे त्याला तो सैल धरून असेल तर नळी त्याला उचलून वर नेते, हा घेवडा. घट्ट धरून असेल तर कण तळाशी राहतो आणि नळी वर ढकलली जाते, हा हरभरा.

वेग पाहा. २००४ साली जपानच्या केंजी हाता आणि इजिमा यांच्या गटाने वायूत अगदी थोडी पाण्याची वाफ सोडली आणि दहा मिनिटांत अडीच मिलिमीटर उंच नळ्यांचे रान उभे केले. दर सेकंदाला चार हजार नॅनोमीटर, म्हणजे नखाच्या हजारो पट वेग. एकेका कणाने सेकंदाला लाखो अणू बसवले. पाण्याने काय केले? कणावर जमणारी काजळी खरवडून काढली, त्याला श्वास घेऊ दिला. कापरातला एक ऑक्सिजनही थोडेफार हेच काम करतो असे मुकुल कुमार यांचे म्हणणे आहे. चीनमधील त्सिंगहुआ विद्यापीठाने २०१३ मध्ये अर्ध्या मीटरहून लांब नळी वाढवून दाखवली.

माझी फजिती

नोकरीच्या काळात मीही दोनेक वर्षे अशाच एका भट्टीपाशी काढली. कुठे ते सांगत नाही, कारण गोष्ट फजितीची आहे. पहिले चार महिने नुसती काळी पूड मिळत होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहिले तर नळी औषधालाही नाही, प्रत्येक कणावर कांद्याचे पापुद्रे. मी सिलिंडरच्या शुद्धतेला दोष दिला, मग विजेच्या खेळखंडोब्याला, मग लोखंडाच्या पुडीला. आपले कुठे चुकत असेल असे मनातही आले नाही. पदवीचा ताठा होता, दुसरे काय!

आमच्याकडे भट्टीची देखभाल करणारे एक जुने कर्मचारी होते, शाळा अर्धवट सोडलेले. ते एके दिवशी हळूच म्हणाले, "सार, ग्यास जास्ति आयितु." मी हसलो. जास्त कार्बन म्हणजे जास्त नळ्या, असे माझे गणित. पण अपयशाने माणूस ऐकू लागतो. वायूचा प्रवाह एक-पंचमांश केला आणि आठवड्याभरात पहिल्या नळ्या दिसल्या. भुकेल्या कणाच्या तोंडात मी इतके कोंबत होतो की तो गुदमरत होता. त्या गृहस्थांना कार्बनच्या टोपीबद्दल काही ठाऊक नव्हते. भट्टीच्या तोंडाशी जमणाऱ्या काळ्या थरावरून त्यांना ते कळले होते. अहवाल लिहिला तेव्हा त्यात त्यांचे नाव घातले नाही. त्या काळी ती पद्धत नव्हती, असे मी स्वतःला समजावले. आज ते हयात नाहीत. ही चूक दुरुस्त करण्याची माझी वेळ टळून गेली.

जन्मपत्रिका

या पहिल्या क्षणाला एवढे महत्त्व का, ते इथल्या चिपवाल्या मंडळींना चटकन कळेल. हातातली कार्यक्रमपत्रिका गुंडाळून पाहा. सरळ गुंडाळता येते, तिरकीही गुंडाळता येते. नॅनोनळीत षटकोनांची रांग किती तिरकी आहे यावर तिचा स्वभाव ठरतो. साधारण तीनांतली एक नळी धातूसारखी वीज वाहून नेते, बाकीच्या दोन सिलिकॉनसारख्या अर्धवाहक असतात. हा तिरकेपणा ठरतो टोपीत पंचकोन कुठे बसले त्यावरून. टोपी उचलली गेली की पत्रिका लिहून झाली. पुढे ती बदलायची तर भिंतीत खोट यावी लागते.

२०१३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात नॅनोनळ्यांचा पहिला छोटा संगणक झाला, १७८ ट्रान्झिस्टरचा. त्यासाठी धातूच्या स्वभावाच्या नळ्या विजेचा झटका देऊन जाळाव्या लागल्या. २०१९ मध्ये एम.आय.टी.ने चौदा हजारांहून अधिक ट्रान्झिस्टरचा प्रोसेसर केला, त्यातही नको त्या नळ्यांवर मात करण्यासाठी खास युक्त्या लढवाव्या लागल्या. जन्मालाच हवी तशी नळी मिळाली तर हा खटाटोप कशाला? त्या दिशेनेही पावले पडली आहेत. २००९ साली फेंग डिंग, अवेतिक हारुत्युन्यान आणि बोरिस याकोब्सन यांनी दाखवले की तिरक्या नळ्यांच्या कडेला नवा अणू बसायला नेहमी एक खाच तयार असते, म्हणून त्या भराभर वाढतात. २०१४ मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या ली यान यांच्या गटाने टंगस्टन आणि कोबाल्टचा घन कण वापरून एकाच जातीच्या नळ्या नव्वद टक्क्यांहून अधिक मिळवल्या. पण असा कण हवा त्या जातीसाठी, हवा तेवढा, स्वस्तात करता येणे अजून लांब आहे. बॅटरीत वीजवहन सुधारण्यासाठी नॅनोनळ्या आज टनांनी वापरल्या जातात, मात्र तिथे जात पाहावी लागत नाही.

एक सावधगिरीची गोष्टही सांगायला हवी. लांब, ताठ, अनेकपदरी नळ्यांची धूळ फुफ्फुसात गेली तर ॲस्बेस्टॉससारखा त्रास होऊ शकतो असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. २०१४ साली अशा एका प्रकाराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगाच्या संभाव्य कारणांच्या यादीत घातले. तेव्हा घरी प्रयोग नकोत!

उक्कू

आता शेवटचा मुद्दा. २००६ साली ड्रेस्डेनच्या पीटर पाऊफ्लर यांच्या गटाने सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीचा तुकडा आम्लात विरघळवून पाहिला आणि त्यात कार्बनच्या नॅनोनळ्या दिसल्याचे 'नेचर'मध्ये जाहीर केले. सगळ्या धातुतज्ज्ञांना ते पटले असे नाही. पण अशा तलवारींचे पोलाद जात असे ते आपल्या दक्षिण भारतातून. कन्नडमध्ये पोलादाला उक्कू म्हणतात, त्यावरूनच इंग्रजांचा 'वूट्झ' झाला असे मानतात. बंगळुरातलेच शारदा श्रीनिवासन आणि एस. रंगनाथन यांनी त्यावर २००४ साली पुस्तक लिहिले आहे. बंद मुशीत लोखंड, लाकूड आणि पाने घालून ती खूप वेळ तापवायची आणि सावकाश गार करायची. पाहा, लोखंड आहे, कार्बन आहे, हवा नाही. आमच्या भट्टीतलेच तीन साहित्य.

यावरून "आपल्या पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान येत होते" असे संदेश फिरतात. मला ते बरोबर वाटत नाही. त्या लोहारांना नॅनोनळी माहीत नव्हती, आणि त्यांचा मोठेपणा सांगायला ती माहीत असण्याची गरजही नाही. कुठल्या खाणीची माती, कुठली पाने, किती वेळ, जाळ कुठल्या रंगाचा, हे त्यांना अचूक ठाऊक होते. १७९४ च्या सुमारास मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी हे पोलाद लंडनला पाठवले, मायकेल फॅरडेसारख्याने ते तपासले. फ्रान्सिस बुकानन १८०० साली म्हैसूर मुलखात फिरला तेव्हा त्याने ही कामे चालू असलेली पाहिली. आणि त्या शतकातच ही विद्या मेली. कारागिराने मुलाला हाताने शिकवली, कागदावर कुणी उतरवली नाही. खाण बदलली, गिऱ्हाईक गेले, भट्टी विझली की सगळे संपले. रशियन शास्त्रज्ञांचे लिहिलेले वाचले गेले नाही. उक्कूवाल्यांचे लिहिलेच गेले नाही. आणि आमच्या भट्टीवाल्या गृहस्थांचे ऐकूनही मी लिहिले नाही.

कसे करायचे हे हाताला कळते, का होते हे शास्त्र सांगते. दोन्हीपैकी एकच उरले तर फार दिवस टिकत नाही. आज आम्हाला टोपी कशी उचलली जाते हे बरेचसे कळले आहे, तरी हवी तशी नळी हवी तेव्हा उगवता येत नाही. उक्कूवाल्यांना पोलाद हुकमी करता येत होते, पण का होते ते विचारायला आता कुणी नाही.

म्हणून बालमित्रांना विनंती, "का?" हे विचारायला लाजू नका, आणि शिकलेल्यालाच विचारावे असेही समजू नका. मोठ्यांना विनंती अशी की हातातली विद्या लिहून ठेवा. मोदकाच्या उकडीपासून लेथ मशीनच्या युक्तीपर्यंत काहीही असो, ज्याच्याकडून शिकलात त्याच्या नावासह लिहा. या स्मरणिकेला पाने कमी पडत असतील तर मी माझ्या व्याख्यानातली देईन.

आणि वहिनी, तुमचे उत्तर राहिले. चिंच तांब्या-पितळेवरचा डाग काढते, काजळीवर तिचे काही चालत नाही, कारण कार्बन आंबटाला दाद देत नाही. आधी तबकाला बोटभर गोडेतेल चोळा, काजळी सैल होईल, मग साबणाने धुवा. हे शास्त्र मी आमच्या आईकडून शिकलो.

मसालेभाताचा वास आला. थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!